चवळी वर येते, हरभरा खाली राहतो: जुन्या मोबाईलवर टाइम-लॅप्स आणि स्टॉप-मोशन

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढायचा होता आणि त्यासाठी पैसे लावणारं माणूस हवं होतं. लंडनहून त्यांनी कॅमेरा आणला होता. हा कॅमेरा काय करू शकतो हे दाखवायला त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून जास्त दिवस त्या रोपाचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी फुटलं, अंकुर आला आणि वेल चढला. त्या फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ मध्ये आला.

नववीत आमच्या विज्ञानाच्या बाईंनी हे सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन कपाटातला जुना मोबाईल शोधून काढला. त्याची काच तडकलेली होती, सिम नव्हतं, पण कॅमेरा शाबूत होता. फाळक्यांपाशी होतं त्यापेक्षा मोठं यंत्र आमच्या घरात बंद पडून राहिलं होतं.

आता मी बारावीत आहे. वाईजवळच्या आमच्या शाळेत दरवर्षी आठवी-नववीची नवी मुलं हे शिकायला येतात. आम्ही मोठी मुलं त्यांना आपापल्या फिल्म दाखवतो, काय चुकलं ते सांगतो आणि मग तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगत बसतो. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. तुमच्याकडे एक चालू कॅमेऱ्याचा मोबाईल आणि मूठभर कडधान्य असेल तर आज रात्रीच सुरुवात करता येईल.

पहिली पायरी: आधी प्रश्न, मग कॅमेरा

नवीन मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कुठलं ॲप घेऊ?” ॲपचं पुढे येईलच. आधी तुम्हाला काय बघायचंय ते ठरवा.

दोन्ही प्रकारांच्या मुळाशी एकच युक्ती आहे: सुटे फोटो भराभर एकामागून एक दाखवले की हालचाल दिसते. टाइम-लॅप्समध्ये वस्तू आपली आपण बदलत असते आणि आपण ठरावीक वेळाने फोटो घेतो. स्टॉप-मोशनमध्ये वस्तू आपण हातानं थोडी थोडी सरकवतो आणि प्रत्येक वेळी फोटो घेतो. पहिल्यात धीर लागतो, दुसऱ्यात हिशेब. मी टाइम-लॅप्सपासून सुरुवात करायला सांगतो, कारण त्यात बरंचसं काम झाड करतं.

“रोप कसं वाढतं” हा प्रश्न फिल्मसाठी फार पसरट आहे. कॅमेरा कुठं धरायचा, कधी थांबवायचं, काहीच त्यातून ठरत नाही. त्यापेक्षा असं विचारा: चवळी आणि हरभरा, दोन्ही द्विदल. मग दोन्ही जमिनीतून सारख्याच पद्धतीनं वर येतात का? आता कॅमेरा कुठं रोखायचा ते आपोआप ठरतं. दोन्ही बिया शेजारी शेजारी हव्यात, मूळ आणि खोड दोन्ही दिसायला हवीत, आणि दोघांना पहिली पानं येईपर्यंत थांबायला हवं.

उत्तर शीर्षकात आहेच, पण ते वाचणं आणि स्वतःच्या ग्लासात घडताना पाहणं यात फार फरक आहे.

दुसरी पायरी: ग्लास, खोका, बल्ब

चवळीचे आणि हरभऱ्याचे प्रत्येकी चार-पाच दाणे रात्री भिजत घाला. दाणे अख्खे, या वर्षीचे, न किडलेले बघून घ्या. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं वापरू नका. एवढे दाणे घ्यायचे कारण त्यातला एखादा रुजत नाही आणि एखाद्याला बुरशी येते. हरभऱ्याला तर हमखास.

सकाळी एक सरळ उभ्या भिंतीचा, बिननक्षीचा काचेचा ग्लास घ्या. आतून टिश्यू पेपरची किंवा टीपकागदाची दुहेरी घडी गोलाकार लावा आणि मधल्या पोकळीत कापूस भरा, म्हणजे कागद काचेला चिकटून राहील. दाणे काच आणि कागद यांच्यामध्ये, ग्लासाच्या साधारण मध्यावर सरकवा: डाव्या बाजूला चवळी, उजव्या बाजूला हरभरा. तळाशी बोटभर पाणी घाला. कागद ते वर ओढून घेतो. पाणी दाण्यांपर्यंत भरलं तर दाणे कुजतात.

ग्लासाच्या बाहेर कडेला कागदाची एक पट्टी उभी चिकटवा आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा. बहुतेक मुलांना ही पट्टी बिनकामाची वाटते. पण फिल्म झाल्यावर त्याच फोटोंवरून मूळ सहा तासांत किती वाढलं हे मोजता येतं आणि आलेख काढता येतो. पट्टी नसेल तर फोटो नुसते बघण्यापुरते उरतात.

आता उजेड. टाइम-लॅप्स बिघडतो तो बहुतेक वेळा उजेडामुळे. खिडकीपाशी ठेवलेला ग्लास सकाळी पिवळा, दुपारी पांढरा आणि रात्री काळा दिसतो आणि फिल्म चालू केली की सारखी उघडझाप होते. माझी पहिली फिल्म अशीच वाया गेली. चार दिवसांचे फोटो होते, पण डोळ्यांना पाहवत नव्हते.

यावर उपाय एक मोठा खोका. मिक्सर किंवा टीव्ही ज्यात येतो तसला. ग्लास खोक्याच्या आत ठेवा, मागे काळा कार्डपेपर लावा, समोरच्या बाजूला मोबाईलच्या कॅमेऱ्याएवढं भोक पाडा आणि वर ९ वॅटचा एलईडी बल्ब टांगा. बाहेर दिवस असो वा रात्र, आतला उजेड तोच राहतो. बल्बच्या आसपास हवा खेळायला दोन-तीन मोठी भोकं ठेवा. होल्डर आणि वायर जोडण्याचं काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या. शेजारी पाणी आहे हे विसरू नका.

बल्ब बरोबर वर हवा. दुसऱ्या वर्षी आम्ही तो सोयीसाठी बाजूला लावला आणि चारही रोपं नमस्कार केल्यासारखी बल्बकडे झुकली. पुस्तकातली प्रकाशानुवर्ती हालचाल आम्हाला न मागता मिळाली. ती फिल्म आम्ही टाकून दिली नाही. बल्ब डावीकडे ठेवून आणि मग उजवीकडे ठेवून तीच पुढची फिल्म केली.

वीज जाते तिथं चार्जिंगवर चालणारा इमर्जन्सी बल्ब लावा. मोबाईलला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी तो फोटो काढत राहतो, पण बल्ब बंद असेल तर ते सगळे फोटो काळे येतात. सहा दिवस बल्ब अखंड चालू राहिला तर १४४ तास गुणिले ९ वॅट, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. घरात हा हिशेब आधी सांगून ठेवा. परवानगी लवकर मिळते.

मोबाईल उभा करायला ट्रायपॉड लागत नाही. दोन विटा आणि जाड रबरबँड पुरतात. मोबाईल विटेला टेकवा, रबरबँडनं बांधा आणि विटेच्या चारही बाजूंनी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. ग्लासाभोवतीही तशीच खूण करा. कोणाचा तरी धक्का लागणारच, तेव्हा सगळं परत जागेवर आणता येईल.

तिसरी पायरी: मोबाईलला स्वतःचं डोकं चालवू देऊ नका

मोबाईलच्या कॅमेऱ्यात टाइम-लॅप्सचं बटण आधीपासून असतं. ढग, बर्फाचा खडा वितळणं, रस्त्यावरची रहदारी अशा तासाभराच्या गोष्टींसाठी ते चांगलं आहे. पण सहा दिवसांच्या कामात दोन फोटोंमधलं अंतर आपल्या ताब्यात हवं. अँड्रॉइडवर आम्ही ‘ओपन कॅमेरा’ वापरतो. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्यात ‘रिपीट’ची सोय आहे: किती फोटो काढायचे आणि दर किती वेळाने, ते एकदा सांगायचं.

सुरू करण्याआधी फोकस (चित्र कुठं स्पष्ट दिसायचं), एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कुठला धरायचा) या तीन गोष्टी लॉक करा, म्हणजे एकदा ठरवून बदलू देऊ नका. मोबाईल प्रत्येक फोटोआधी या तिन्हींचा नव्यानं अंदाज बांधतो. पान मोठं झालं की त्याला वाटतं चित्र बदललं, आणि तो उजेड कमी-जास्त करतो. मग उजेड स्थिर असूनही फिल्म लुकलुकते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात. तसं दिसलं तर शटर स्पीड, म्हणजे एका फोटोसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद करा, पट्टे जातात.

फोटोचा आकार कमी करा. फिल्म शेवटी १९२० गुणिले १०८० एवढीच होणार आहे, म्हणजे २ मेगापिक्सेल. त्यासाठी ४८ मेगापिक्सेलचे फोटो काढून मेमरी भरू नका. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, चार्जर लावून ठेवा आणि कव्हर काढा, नाहीतर तो तापतो.

चौथी पायरी: हिशेब

हा वहीत करा, डोक्यात नको. दर १५ मिनिटांनी एक फोटो म्हणजे तासाला ४, दिवसाला ९६, सहा दिवसांत ५७६. फिल्म सेकंदाला २४ फोटोंच्या वेगानं चालवली तर ५७६ भागिले २४, म्हणजे २४ सेकंद. एक फोटो साधारण १ एमबीचा धरला तर अर्धा जीबीहून थोडी जास्त जागा लागेल.

उलट बाजूनंही विचार करता येतो. मला १० सेकंदांची फिल्म हवी आहे आणि जास्वंद रात्रभरात उमलते, तर किती मिनिटांनी फोटो हवा? हे गणित एकदा जमलं की मग कुठल्याही गोष्टीकडे बघताना ती किती वेळात बदलते हा विचार आपोआप येतो. पोळी तव्यावर फुगते ती काही सेकंदांत, तिला टाइम-लॅप्स उपयोगी नाही. तिथं स्लो-मोशन लागतं. सेकंदाला १२० फोटो घेऊन ते ३० च्या वेगानं दाखवले की पोळी चौपट सावकाश फुगते आणि वाफ आधी कुठल्या कडेनं शिरते ते दिसतं.

पाचवी पायरी: सहा दिवस

आता मोबाईलला हात लावायचा नाही. पाणी कमी झालं तर ड्रॉपरनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं ग्लासाच्या मागच्या बाजूनं, दोन फोटोंच्या मधल्या वेळात घाला. दिवसातून दोनदा वहीत नोंद करा: तारीख, वेळ, पाणी घातलं का, काय दिसलं, काय बिघडलं. हाताशी चित्र काढायला जागा ठेवा. कॅमेरा समोर असतानाही स्वतः चित्र काढावं असं मला वाटतं, कारण चित्र काढताना जे दिसतं ते फोटोत नंतर शोधावं लागतं.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी दाणा फुगतो, साल फाटते आणि आदिमूळ, म्हणजे पहिलं मूळ, बाहेर येतं. दाणा कसाही आडवातिडवा ठेवलेला असो, मूळ वळून खालीच जातं. मग मुळाला बारीक फुटवे येतात. इथपर्यंत चवळी आणि हरभरा सारखेच वागतात आणि मुलांना वाटतं, फिल्ममध्ये काही निघणार नाही.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. चवळीच्या बीजपत्रांच्या खालचा दांडा लांबायला लागतो. तो आधी आकड्यासारखा वाकतो, त्याची पाठ वर निघते, आणि मग तो सरळ होताना दोन्ही बीजपत्रं, म्हणजे डाळिंब्याच, स्वतःबरोबर वर उचलून नेतो. हरभऱ्यात बीजपत्रांच्या वरचा भाग लांबतो. कोंब एकटाच वर निघून जातो आणि दाणा जिथं होता तिथंच, आपल्यातलं अन्न देत, हळूहळू सुरकुतत बसून राहतो. वाटाणाही हरभऱ्यासारखाच. राजमा चवळीसारखा. फाळक्यांच्या कुंडीतला वाटाण्याचा दाणाही मातीखालीच राहिला असणार.

आणखी एक गोष्ट आहे जी नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. वाढणारा शेंडा सरळ वर जात नाही, तो घुमत घुमत, हलके गोल काढत जातो. डार्विननं १८८० च्या सुमारास ही हालचाल काचेवर ठिपके काढून टिपली होती. तुमच्या २४ सेकंदांत ती दिसेल. पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्हाला वाटलं ग्लास हलला असेल. पण सेंटिमीटरची पट्टी जागची हलली नव्हती.

सहावी पायरी: फोटोंची फिल्म

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये घ्या आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, काहीही करण्याआधी. शाळेच्या संगणकावर शॉटकट, ओपनशॉट किंवा केडेनलाइव्ह यांपैकी काहीही चालेल. तिन्ही फुकट आहेत आणि फोटोंची रांग एकदम आत घेऊन तिची एक क्लिप करू शकतात. फोटोंची नावं क्रमानं असली पाहिजेत, एवढीच अट. कुठलं निवडायचं यावर वेळ घालवू नका, तुमच्या संगणकावर जे न अडकता चालतं ते घ्या.

काळे किंवा हललेले फोटो काढून टाका, पण किती काढले ते वहीत लिहा. मधले वीस फोटो काढले तर तिथं पाच तास गायब होतात आणि रोप उडी मारल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला हे सांगायला हवं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. आता एआयला चार शब्द लिहून दिले की बी रुजतानाची देखणी क्लिप तयार मिळते. ती बघून चवळीबद्दल काही कळत नाही, कारण ती कुठल्याच चवळीची नसते. तुमची फिल्म धूसर असेल, एक दाणा सडलेला दिसेल, पण तिच्या मागे ५७६ वेळा खरोखर घडलेलं काहीतरी आहे. तारखांची वही सोबत ठेवा ती यासाठीच.

आता स्टॉप-मोशन: प्लास्टिकचं स्टूल आणि लग्नपत्रिका

स्टॉप-मोशनसाठी मोबाईल वरून खाली बघणारा हवा. याचा सगळ्यात सोपा उपाय घरोघरी असतो: बसायच्या जागी भोक असलेलं प्लास्टिकचं स्टूल. मोबाईल स्क्रीन वर करून स्टुलावर ठेवा, मागचा कॅमेरा भोकावर आणा, खाली जमिनीवर ए-फोर कागद चिकटवा. चारी बाजूंनी हात घालायला जागा मिळते आणि मोबाईल हलत नाही. वायरवाले इअरफोन असतील तर जोडा. त्यांचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की बऱ्याच मोबाईलवर फोटो निघतो, मोबाईलला हात लावावा लागत नाही.

ॲप म्हणून ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. त्यात मागचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे वस्तू किती सरकवायची याचा अंदाज येतो. वेग सेकंदाला १२ फोटो ठेवा. दहा सेकंदांना १२० फोटो लागतील. पहिल्यांदा यापेक्षा लांब फिल्म करायला जाऊ नका.

आकृत्या कापायला जुन्या लग्नपत्रिका घ्या. कागद जाड असतो, कडा मुडपत नाहीत, आणि सोनेरी-लाल रंग फुकट मिळतात.

पहिला सराव म्हणून मी सगळ्यांना टेबलावरून पडणारं लिंबू करायला लावतो. लिंबू म्हणजे पिवळ्या कागदाचा गोल. नवीन मुलं ते दर फोटोला सारखं अंतर सरकवतात आणि फिल्म बघितली की म्हणतात, “हे पडत नाहीये, लिफ्टनं उतरतंय.” बरोबर आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो. समान वेळात ती कापत असलेली अंतरं १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओनं दाखवलं. आपला एक फोटो म्हणजे १/१२ सेकंद. तेवढ्यात वस्तू ३.४ सेंटिमीटर पडते. दोन फोटोंनंतर ती वरून १३.६ वर असते, तीन फोटोंनंतर ३०.६ वर, चारनंतर ५४.४ वर, आणि पाचव्या फोटोपर्यंत ७५ सेंटिमीटर उंचीचं टेबल संपून लिंबू जमिनीवर.

म्हणजे टेबलावरून लिंबू पडायला पाच फोटोसुद्धा लागत नाहीत. कागदावर टेबल १५ सेंटिमीटरचं काढा, म्हणजे सगळं पाचपट लहान झालं, आणि खुणा करा: ०.७, २.७, ६.१, १०.९, १५. या खुणांवर लिंबू ठेवत फोटो काढा. चालवून बघा. लिंबू पडतं. नववीत पडणाऱ्या वस्तूचं समीकरण मी पाठ केलं होतं, पण ते खरं आहे असं मला त्या पिवळ्या कागदानं पटवलं. पाचऐवजी बारा फोटोंत तसंच वाढत्या अंतरानं पाडून बघा, लिंबू चंद्रावर पडल्यासारखं दिसेल. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश आहे. तिथं तेच टेबल असेल तर नेमके किती फोटो लागतील, ते तुम्ही काढा.

थांबलेली वस्तू चालू करताना आणि चालती वस्तू थांबवताना हीच गोष्ट लक्षात ठेवा: आधी थोडं, मग जास्त, शेवटी पुन्हा थोडं. बैलगाडी असो, पायथागोरसच्या सिद्धांताचे सरकणारे त्रिकोण असोत, डोळ्याला खरं वाटतं ते असंच.

आमच्या मागच्या वर्गातल्या एका मुलीनं ठिपक्यांची रांगोळी केली. काळ्या कार्डपेपरवर सात गुणिले सात, दर फोटोला एक ठिपका, ४९ फोटो, म्हणजे चार सेकंदांत ठिपके पूर्ण. मग रेषा. खरी रांगोळी वापरल्यामुळे चुकलेली रेषा पुसली की डाग राहायचा, म्हणून तिला रेषा कुठल्या क्रमानं टाकायच्या ते आधी वहीत ठरवावं लागलं. ते ठरवताना तिच्या लक्षात आलं की पाव भाग काढला की उरलेले तीन भाग त्याचीच वळवलेली रूपं आहेत. तिची आजी ही रांगोळी रोज दारात काढते, न मोजता. फिल्म बघून आजीनं सांगितलं की तू मधून सुरुवात केलीस, मी कोपऱ्यातून करते. मग तिनं आजीच्या क्रमानं दुसरी फिल्म केली. दोन्ही शेजारी शेजारी लावून बघण्यासारख्या आहेत.

आवाज

आवाज सगळ्यात शेवटी. गोधडी डोक्यावरून घेऊन मोबाईलवर बोला, खोलीचा घुमारा निघून जातो. सावकाश बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, तेव्हा २४ सेकंदांच्या फिल्मला चाळीसएक शब्दच मिळतात. जे पडद्यावर दिसतंय ते बोलू नका. “आता मूळ बाहेर येत आहे” हे वाक्य काढून टाका आणि त्या जागी जे दिसत नाही ते सांगा: किती तास झाले, दाण्यातलं अन्न कुठं गेलं. चाळीस शब्दांत हे बसवण्यासाठी आम्ही सहा-सात वेळा लिहून खोडतो, आणि निबंधाच्या तासाला त्याचा उपयोग होतो.

सिनेमातलं गाणं मागे लावू नका, ते दुसऱ्याच्या मालकीचं आहे. ताटात तांदूळ ओतले की पाऊस पडतो. घरात टाळ असेल तर उत्तम. आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या.

दाखवणं

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की तो दाबला जातो आणि मुळाचे बारीक फुटवे दिसेनासे होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. यूट्यूबवर टाकायचं असेल तर आई-वडिलांच्या किंवा सरांच्या खात्यावरून, ‘अनलिस्टेड’ करून, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल. फिल्ममध्ये लहान मुलांचे चेहरे, घराचा पत्ता, गणवेशावरचं शाळेचं नाव येत नाही ना ते आधी तपासा. आजीचा हात दिसत असेल तर आजीलाही विचारा.

पण खरं दाखवणं वर्गात होतं. आम्ही महिन्यातून एका शनिवारी शेवटच्या तासाला प्रोजेक्टर लावतो. नियम एकच आहे: आधी बिघडलेला भाग दाखवायचा, मग फिल्म. बिघडलेला भाग आधी आला की पहिल्यांदा येणारी मुलंही बोलायला लागतात, कारण त्यांच्याही मोबाईलमध्ये तसलंच काहीतरी असतं. फिल्म दोनदा लावायची, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. वही हातोहात फिरते. मग प्रश्न.

मागच्या शनिवारी चवळी-हरभऱ्याची फिल्म संपल्यावर पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, मूळ खाली जायला लागल्यावर ग्लास आडवा केला तर? ते किती वेळानं वळेल? पुस्तकात गुरुत्वानुवर्ती हालचाल आहे, पण “किती वेळानं” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. आडव्या ग्लासातून पाणी सांडेल म्हणून त्याऐवजी काचेच्या दोन चौकोनी तुकड्यांमध्ये ओला टीपकागद घ्यायचा, काचांच्या कडांना जाड चिकटपट्टी लावून घ्यायची आणि मूळ दोन सेंटिमीटरचं झालं की सगळं नव्वद अंशांत फिरवायचं असं ठरलंय. दर दोन मिनिटांनी एक फोटो, बारा तास, म्हणजे ३६० फोटो आणि १५ सेकंदांची फिल्म. हरभरे काल रात्री भिजत घातलेत. फोटो मोजायचं काम त्या पाचवीतल्या मुलाकडे दिलंय.